मुंबईचा चित्रकार डॉक्टर: हेन्री व्हॅनडाइक कार्टर

१/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुहागरहून मुंबईस जायचे, तर सोयीची वाट समुद्राचीच होती. अंजनवेलकडून दाभोळच्या खाडीवर यायचे, तेथे गलबत किंवा पुढील काळात आगबोट गाठायची आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरायचे. पावसाळ्यात ही वाटही बंद. या वाटेने कोकणातील माणसे गिरण्यांत, गोदीत आणि घरकामाला गेली. १८८१ च्या खानेसुमारीत, बाहेर जन्मून मुंबईत राहणाऱ्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्याची माणसे सर्वांत अधिक होती.

२/ यांपैकी जो आजारी पडे आणि ज्याच्यापाशी औषधपाण्याला पैसे नसत, त्याला भायखळ्याच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाचा आधार होता. हे रुग्णालय १८४५ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी त्याला जोडून ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयही. १८५८ साली या महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राचे एक तरुण अध्यापक रुजू झाले. रोग्याच्या शरीरात जे दिसे, त्याची नोंद ते शब्दांइतकीच रेषांनी आणि रंगांनी करीत. त्यांचे नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर.

३/ हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हे ग्रंथनाम मात्र वैद्यकाशी संबंध नसलेल्यांनीही ऐकलेले असते. त्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील ३६३ आकृत्या कार्टर यांच्या हातच्या आहेत. ग्रंथ ग्रे यांच्या नावाने अजरामर झाला आणि त्यातील चित्रे काढणारा मुंबईस निघून गेला. मुंबईत आणि साताऱ्यात त्याने पुढे जे पाहिले व चितारले, त्याची कथा आपल्या मुलखाच्या आरोग्याच्या इतिहासाचा भाग आहे.

४/ कार्टर यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडमधील हल येथे झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगांत समुद्रदृश्ये रंगवणारे चित्रकार. स्कारबरो या किनारी गावात त्यांचे वास्तव्य होते. फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक याचे नाव मुलाच्या नावात आले, यावरूनच घरातील हवा कळते. एक भाऊही चित्रकार झाला. हेन्रीने वैद्यक निवडले, पण घरात उचललेली पेन्सिल खाली ठेवली नाही.

५/ लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांचे शिक्षण झाले. नंतर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये मानवी आणि तुलनात्मक शरीररचनेचा अभ्यास करण्याची विद्यार्थिवृत्ती मिळाली. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहण्याची आणि पाहिलेले जसेच्या तसे कागदावर उतरवण्याची सवय पक्की झाली. याच सवयीचा मुंबईत पुढे उपयोग व्हायचा होता.

६/ सेंट जॉर्जमध्येच त्यांची गाठ हेन्री ग्रे यांच्याशी पडली. ग्रे चार वर्षांनी मोठे, अत्यंत बुद्धिमान आणि महत्त्वाकांक्षी. पंचविशीतच ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. प्लीहेवरील ग्रे यांच्या पारितोषिकप्राप्त निबंधासाठी कार्टर यांनी आकृत्या काढून दिल्या. १८५४ साली तो ग्रंथरूपाने छापला गेला, तेव्हा त्यात कार्टर यांचे आभार नव्हते.

७/ तरीही १८५५ च्या अखेरीस ग्रे यांनी विद्यार्थ्यांना परवडेल आणि शस्त्रक्रियेत उपयोगी पडेल अशा नव्या शरीररचनाग्रंथाची कल्पना मांडली, तेव्हा कार्टर तिच्यात सामील झाले. पुढची सुमारे दीड वर्षे दोघांनी किनर्टन स्ट्रीटवरील विच्छेदनगृहात काढली. शवविच्छेदन दोघांनी मिळून करायचे, मजकूर ग्रे यांनी लिहायचा आणि आकृत्या कार्टर यांनी काढायच्या, अशी वाटणी ठरली.

८/ ही शवे कोणाची होती? १८३२ च्या ब्रिटिश कायद्याने बेवारस मृतदेह विच्छेदनासाठी वैद्यकीय शाळांना देण्याची तरतूद केली होती. बेवारस म्हणजे बहुधा अनाथालयांत आणि रुग्णालयांत मेलेले गरीब, ज्यांच्या अंत्यविधीचा खर्च उचलणारे कोणी पुढे आले नाही. ग्रंथातील आकृत्यांमागे अशी माणसे आहेत. त्यांची नावे ग्रंथात नाहीत आणि त्यांची संमतीही कोणी विचारली नव्हती.

९/ आकृत्या छापायच्या तर त्या लाकडी ठशांवर कोराव्या लागत. कार्टर यांनी त्या थेट ठशाच्या गुळगुळीत पृष्ठावर काढल्या, आणि त्याही उलट्या. कारण ठशावरचे डावे कागदावर उजवे होऊन उमटते. हृदयाची डावी बाजू, यकृताची उजवी बाजू, नसांच्या शाखा हे सारे आरशात पाहिल्यासारखे मनात फिरवून मग रेषा ओढायची. कोरक्यांनी भोवतालचे लाकूड काढले की ती रेषा उंच राहून शाई घेई.

१०/ या आकृत्यांचे मोठे वैशिष्ट्य विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात आले. पूर्वीच्या बहुतेक ग्रंथांत अवयवावर क, ख, ग अशी अक्षरे असत आणि त्यांचा अर्थ तळटीपेत शोधावा लागे. कार्टर यांच्या आकृत्यांत धमनीचे नाव त्या धमनीच्या अंगावरूनच वळत जाते, स्नायूचे नाव स्नायूवर पसरते. नकाशात नदीचे नाव नदीच्या काठाने लिहावे तसे. नजर अवयवावरून न हलवता नाव पाठ होते. स्वतः शिकवणाऱ्या माणसालाच सुचावी अशी ही युक्ती होती.

११/ दुसरे वैशिष्ट्य अधिक अबोल आहे. जुन्या काही शरीररचनाचित्रांत मृतदेहाचे दोर, आकडे आणि फाडलेपण ठळकपणे दाखवलेले असे. कार्टर यांच्या आकृत्यांत चेहरे शांत आहेत, रेषा संयत आहेत आणि शिकण्यास आवश्यक तेवढेच उघडे केलेले आहे. ज्यांना जिवंतपणी फारसा मान मिळाला नसेल, अशा देहांकडे त्यांनी सभ्यपणे पाहिले, असे या आकृत्या बघताना जाणवते.

१२/ मोबदल्याचा हिशेब साधा होता. ग्रे यांना प्रत्येक हजार प्रतींमागे १५० पौंड मिळणार होते. कार्टर यांना सर्व कामाचे मिळून एकदाच १५० पौंड, महिना १० पौंडांप्रमाणे पंधरा महिने. ग्रंथ कितीही खपला तरी त्यांचा वाटा तेथेच संपला. काम पूर्ण होताच त्यांनी लंडनमधील नोकरीची आशा सोडली आणि १८५८ च्या आरंभी ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

१३/ कार्टर मुंबईस पोहोचल्यावर ग्रंथ छापून पूर्ण होत होता. शीर्षकपृष्ठाच्या एका मुद्रितावर ग्रे यांच्या हातच्या दुरुस्त्या आज उपलब्ध आहेत. जुळणी करणाऱ्याने कार्टर यांचे नाव ग्रे यांच्या नावाइतक्याच मोठ्या खिळ्यांत लावले होते. ते लहान करावे, अशी खूण ग्रे यांनी केली. कार्टर यांच्या नावाखालील ग्रँट महाविद्यालयातील प्राध्यापकपदाचा उल्लेखही त्यांनी काटला. ग्रंथ बाहेर आला तेव्हा मुंबईच्या अध्यापकाची ओळख ‘सेंट जॉर्ज रुग्णालयातील माजी प्रात्यक्षिक-शिक्षक’ अशी उरली.

१४/ ग्रे यांना ग्रंथाचे यश फार दिवस पाहता आले नाही. देवी आलेल्या पुतण्याची शुश्रूषा करताना त्यांना संसर्ग झाला आणि १८६१ साली चौतिसाव्या वर्षी ते वारले. ग्रंथ मात्र नव्या संपादकांच्या हाताखाली वाढत राहिला. कार्टर यांच्या आकृत्या पुढील कित्येक आवृत्त्यांमध्ये टिकून राहिल्या आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्या गिरवल्या. इतिहासकार रूथ रिचर्डसन यांनी २००८ साली या ग्रंथाच्या निर्मितीची कथा लिहिली, तेव्हा कार्टर यांचा वाटा पुन्हा ठसठशीतपणे पुढे आला.

१५/ आता मुंबईकडे. ग्रँट महाविद्यालयाची पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली होती. भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग हे तिच्यातलेच. कार्टर आले तेव्हा पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या एतद्देशीय डॉक्टरांची पिढी शहरात काम करू लागली होती. विच्छेदनाच्या टेबलाजवळ उभे राहण्यासाठी जातीचा आणि घराचा विरोध पत्करणारे विद्यार्थी कार्टर यांच्यासमोर बसत. त्यांना शिकवणारा माणूस स्वतः उत्तम आकृत्या काढणारा होता, हे त्या विद्यार्थ्यांचे भाग्य.

१६/ येथे कार्टर यांच्यासमोर एक विचित्र रोग आला. पाऊल हळूहळू सुजत जाई, वर्षानुवर्षे फुगून बेढब होई, त्याला ठिकठिकाणी छिद्रे पडत आणि त्यांतून खसखशीसारखे कण बाहेर येत. कधी काळे, कधी फिकट. रोगी बहुधा अनवाणी राबणारा शेतकरी किंवा मजूर. दक्षिणेतील मदुरा भागात तो आधी वर्णिला गेल्यामुळे त्याला ‘मदुरा फूट’ म्हणत. हाडे पोखरली जात आणि अखेर पाय कापण्यावाचून इलाज उरत नसे.

१७/ कापलेले असे पाय कार्टर यांनी उभे छेदून पाहिले. हाडांतून आणि चरबीतून गेलेले बोगदे, त्यांच्या टोकाशी असलेल्या पोकळ्या आणि पोकळ्यांत बसलेले कण यांची त्यांनी चित्रे काढली. मग ते कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यांत तंतू दिसले, बुरशीचे असतात तसे. १८६० साली त्यांनी मुंबईच्या वैद्यकीय सभेच्या नियतकालिकात हा रोग बुरशीजन्य असल्याचे मांडले आणि त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. तेच नाव आजही चालते.

१८/ चित्राने येथे काय साधले, हे समजून घेण्याजोगे आहे. सूक्ष्मदर्शकात एका वेळी एकच पातळी स्पष्ट दिसते आणि कापलेल्या पावलात एकच छेद दिसतो. बाहेरचे छिद्र, आतला बोगदा आणि तळाचा कण ही एकाच साखळीची टोके आहेत, हे अनेक छेद पाहून मनात जुळवावे लागते. कार्टर यांनी ही जुळणी कागदावर केली. ज्याने हा रोग कधी पाहिला नाही, अशा युरोपातील डॉक्टरालाही ती साखळी त्या चित्रांत दिसू शकली. १८७४ साली लंडनमध्ये निघालेल्या त्यांच्या मायसेटोमावरील ग्रंथात ही रंगीत चित्रे आहेत.

१९/ त्यांचा प्रत्येक निष्कर्ष टिकला, असे नव्हे. रोगाच्या नमुन्यावर वाढलेल्या एका तांबूस बुरशीला इंग्रज तज्ज्ञ बर्कली यांनी कार्टर यांचे नाव दिले होते. ती रोगाचे कारण नव्हती, हे पुढे स्पष्ट झाले. काही प्रकारांत बुरशीऐवजी तंतुमय जिवाणू असतात, हेही नंतरच्या संशोधनाने दाखवले. काट्याने किंवा खड्याने झालेल्या जखमेतून मातीतले जंतू आत शिरतात, असे आज मानले जाते. पण अनवाणी पावलाचा हा रोग एका दृश्य, सजीव कारणापाशी नेऊन ठेवण्याचे श्रेय कार्टर यांचे.

२०/ १८६३ पासून सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. तेथे आणि इलाख्याच्या इतर भागांत त्यांनी महारोगाचा, म्हणजे आजच्या भाषेत कुष्ठरोगाचा, अभ्यास केला. या रोगाचे ओझे कोकणावरही होते. रत्नागिरीत दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून कुष्ठरुग्णांसाठी वेगळे रुग्णालय उभारण्यात आले, ते याच शतकात. मुंबईत भाऊ दाजी लाड हेही याच रोगावर वनौषधींचे प्रयोग करीत होते. म्हणजे एकाच काळी ग्रँट महाविद्यालयाशी नाते असलेली दोन माणसे दोन दिशांनी या रोगाच्या मागे लागली होती.

२१/ कुष्ठरोगात मज्जातंतू जाड होतात, कातडीची जाणीव जाते, बोटे झिजतात. समाजाला बाहेरची विद्रूपता तेवढी दिसे आणि तिला तो पापाचे फळ म्हणे. कार्टर यांनी बाहेरच्या चट्ट्यांबरोबर आतल्या जाड झालेल्या मज्जातंतूंचीही चित्रे काढली. चटका बसला तरी हाताला का कळत नाही, याचे उत्तर त्या मज्जातंतूत होते. १८७४ साली कुष्ठरोग आणि हत्तीपाय यांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

२२/ त्याआधी, १८७३ साली, रजेच्या काळात ते नॉर्वेतील बर्गेन येथे गेले. कुष्ठरोगाच्या अभ्यासाचे ते तेव्हाचे मोठे केंद्र होते. त्याच वर्षी तेथे हॅन्सन यांना या रोगाचा जंतू दिसला होता. रोग आनुवंशिक नसून सांसर्गिक आहे, या मताकडे कार्टर वळले. नॉर्वेप्रमाणे हिंदुस्थानातही रुग्णांना निराळ्या आश्रमांत ठेवावे, असा आग्रह त्यांनी धरला.

२३/ या आग्रहाचे ओझे रुग्णांवर पडणार होते. तेव्हा रोगावर खात्रीचे औषध नव्हते, ते विसाव्या शतकाच्या मध्याला आले. वेगळे ठेवणे म्हणजे घर, गाव आणि माणसे सुटणे. १८९८ साली हिंदुस्थानात कुष्ठरुग्णांविषयी कायदा झाला आणि निराधार रुग्णांना आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारला मिळाला. रुग्णाचा मज्जातंतू इतक्या आस्थेने चितारणाऱ्या डॉक्टराने त्याच रुग्णाला समाजापासून दूर करण्याची शिफारस केली, हे दोन्ही एकाच माणसाचे काम आहे. त्यांतले एक लपवून दुसरे सांगता येत नाही.

२४/ १८७६ साली दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि १८७७ साली शहरात एक ताप पसरला. पाच-सात दिवस कडक ताप, मग घाम येऊन उतार, आठवड्याने पुन्हा तोच ताप. कार्टर तेव्हा गोकुळदास तेजपाल रुग्णालयाचे काम पाहत होते. रोग्यांच्या रक्तात त्यांना मळसूत्रासारखे वळलेले, सळसळणारे जंतू दिसले. जर्मनीत ओबरमायर यांनी १८७३ साली जाहीर केलेला पुनरावर्ती ज्वराचा जंतू तो हाच. ताप असताना तो रक्तात दिसे, ताप उतरला की नाहीसा होई.

२५/ माकडांना रोग्याचे रक्त टोचून त्यांनी तोच ताप निर्माण करून दाखवला. हे काम करताना ते स्वतःही या तापाने आजारी पडले. १८८२ साली त्यांचा ‘स्पिरिलम फीव्हर’ हा ग्रंथ निघाला. तापाचे आलेख आणि रक्तातील जंतूंची चित्रे यांतून त्यांनी या रोगाचा सगळा क्रम मांडला. हा ताप कोण पसरवते, हे मात्र त्यांना उमगले नाही. १९०७ साली नाशिक येथील साथीत मॅकी या डॉक्टरांनी अंगावरच्या उवांकडे बोट दाखवले, तेव्हा दुष्काळ, गर्दी आणि ताप यांची सांगड बसली.

२६/ पुढे मलेरियाचा परजीवी हिंदुस्थानात रोग्यांच्या रक्तात पाहणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांतही कार्टर होते. ग्रँट महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. तीस वर्षांच्या सेवेनंतर १८८८ साली ते निवृत्त झाले आणि १८९७ साली स्कारबरो येथे क्षयाने वारले. त्यांच्या रोजनिश्या आणि पत्रे लंडनच्या वेलकम संग्रहात जपलेली आहेत.

२७/ कार्टर यांच्या काळात कॅमेरा आलेला होता, तरी त्यांनी हाताने काढणे सोडले नाही. छायाचित्रात सारेच सारख्या महत्त्वाने उमटते. चित्र काढणाऱ्याला मात्र प्रत्येक रेषेपूर्वी ठरवावे लागते, की रोग कोठे आहे आणि निरोगी शरीर कोठे संपते. तो निर्णय हेच निदान. त्यांच्यासाठी चित्रकला हा फावल्या वेळचा छंद नव्हता. रोगाचा विचार करण्याची ती त्यांची रीत होती. वडिलांनी समुद्र रंगवला, मुलाने शेतकऱ्याचे पाऊल.

२८/ मायसेटोमा अजून संपलेला नाही. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने उष्ण प्रदेशातील दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याची भर घातली. आजही तो अनवाणी राबणाऱ्या गरिबालाच गाठतो आणि रोगी उशिराच डॉक्टरकडे पोहोचतो. कार्टर यांनी ज्यांची पावले चितारली, ती माणसे या इलाख्यातली होती. लंडनच्या विच्छेदनगृहातील देहांप्रमाणेच त्यांचीही नावे बहुतेकांना कधी कळणार नाहीत. पण पावलाची प्रत्येक भोक, प्रत्येक पोकळी तेथे जशी होती तशी आहे.

२९/ गुहागरचा एखादा विद्यार्थी आज वैद्यकाला गेला, तर पहिल्याच वर्षी ग्रे यांचे नाव त्याच्या कानावर पडते. १८५८ ची आवृत्ती आता सहज चाळायला मिळते. तिच्या शीर्षकपृष्ठावर मोठ्या अक्षरांखाली एक बारीक ओळ आहे: आकृत्या एच. व्ही. कार्टर यांच्या, विच्छेदने लेखक आणि डॉ. कार्टर या दोघांची. खूण करून लहान केलेली ती ओळ त्याने आधी वाचावी. पाने उलटताना धमनीच्या अंगावरून वळत गेलेले तिचे नाव दिसले, की ज्याने ते लिहिले त्याने पुढची तीस वर्षे आपल्याच मुलखातल्या रोग्यांसोबत घालवली, हे आठवावे.